सातव्या प्रयोगापासून

४ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुरुस्त करून सोबत परत पाठवतोय. 'परीक्षा'तली री दीर्घ. हे चौथ्यांदा सांगतोय.

आईच्या पत्रातून कळलं की तुझी प्रयोगवही अजून कोरी आहे. अठराला ती दिली नाहीस तर बाई तुला प्रात्यक्षिकाला बसू देणार नाहीत आणि वर्ष गेलं तर बाबा शाळाच बंद करणार. बारा प्रयोग, चौदा दिवस! इथे दुकानांच्या पाट्या रंगवताना मी तेच दिवस मोजतोय. आठवीत मी शाळा सोडली तेव्हा मला कुणी अडवलं नाही. म्हणून मी अडवतोय. आजच बस.

लोभ आहेच, तो चिडका आहे इतकंच.

तुझा दादा

७ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

वही कोरी दिसते, कारण लिहिलेली पानं मी फाडते. पहिलं पान सहा वेळा लिहिलं. एकदा शीर्षक वाकडं, एकदा शाई पसरली. मग वाटतं, उद्या शांतपणे लिहू. उद्या उजाडला की पेन्सिलींना टोक काढते. आता घरात इतकी टोकं झालीत की बाबा खुर्ची तपासून बसतात.

खरं सांगू? चिडू नकोस. लिहायला बसले की तू लाल पेन घेऊन मागे उभा आहेस असं वाटतं.

रागावलास तरी पत्र धाड.

तुझी ठकू

१० फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुरुस्त केलं नाही. हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. चूक माझी आहे.

कामावर लागलो तेव्हा एका दवाखान्याच्या पाटीचं पहिलं अक्षर मी इतका वेळ मापत बसलो की डब्यातल्या रंगावर साय धरली. मालकांनी विचारलं, रंग आपल्या पायांनी पाटीवर चढणार आहे का? मग त्यांनी शिकवलं: अक्षरं मोजायची आणि मधल्यापासून सुरुवात करायची. पहिल्या अक्षराची धास्ती वाटते, मधल्याला कुणी भीत नाही.

तू पहिलं पान सोड. सातवा प्रयोग आधी लिही. चुकलं तर एक आडवी रेघ मार आणि पुढे जा. पान फाडायचं नाही.

मी इथे नखं खातोय, पण तू लक्ष देऊ नकोस.

तुझा दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

काल वही दिली! सातपासून बारापर्यंत गेले, मग सहापासून उलटी एकपर्यंत आले. खाडाखोड भरपूर आहे, तू बघू नयेस हेच बरं.

सातव्यात पाणी किती अंशांना उकळतं ते बघायचं होतं. शाळेतून थर्मामीटर मागून आणला. माझं पाणी सत्त्याण्णवलाच उकळलं. तीनदा केलं, आईचा चहा तीनदा लांबला. मैत्रीण म्हणाली, वेडाबाई, शंभर लिही, सगळ्यांनी तेच लिहिलंय. हात शंभरकडे गेलाही होता. पण पाहिलं होतं सत्त्याण्णव, तेच लिहिलं.

बाई नेमक्या त्याच पानावर थांबल्या. त्यांनी वर्गाकडे बघून विचारलं की इतक्या उंचावरच्या आपल्या गावात बाकीच्या एकोणचाळीस जणींच्या घरी पाणी बरोब्बर शंभरला कसं काय उकळलं? मग म्हणाल्या, गॅस एकीच्याच घरी पेटलेला दिसतोय. आणि सही केली.

प्रात्यक्षिक सोमवारी आहे. मी बसतेय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकू