बारा जणींच्या पुड्या

३ मार्च

चि. लुकड्यास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझ्या समुद्रशेवाळाच्या पुड्या मिळाल्या. आमच्या शिलाई विभागातल्या आम्ही बाराही जणी दुपारी त्या पाण्यात ढवळून नाक दाबून पितो. ओल्या दोरखंडाचा वास येतो रे मेल्या! कुणाच्या पुडीत खरं शेवाळ आणि कुणाच्या पुडीत तोच वास लावलेलं नुसतं पीठ, हे म्हणे तुलाही ठाऊक नाही. धन्य तुमचं शास्त्र.

शेवाळानं चरबी लवकर जळते हे दाखवायला तू तीन वर्षं उंदरांमागे घालवलीस. उंदीर बारीक झाले. आता माणसांवर दिसलं तरच प्रयोगशाळेतली नोकरी टिकेल, असं तुझी आई सांगत होती. काळजी करू नकोस. आम्ही तुला तोंडघशी पडू देणार नाही. लोकांच्या चरबीची उठाठेव करताना तू मात्र चार घास जास्त खा.

पुड्या संपतील, लोभ संपणार नाही.
तुझी आत्या


२८ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कुणाला शेवाळ आणि कुणाला पीठ दिलं, ती सीलबंद यादी काल उघडली. तुमच्या विभागात सगळ्यांचीच वजनं उतरलीत, शेवाळ घेणाऱ्यांची आणि पीठ घेणाऱ्यांचीही, सरासरी अगदी सारखी. तुला तर बारा आठवडे नुसतं पीठच मिळत होतं, आणि तूच सगळ्यांत जास्त, चार किलोंनी उतरलीस! पीठही तेवढंच काम करत असेल तर शेवाळाचा उपयोग काय? आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, फरक दिसत नाही असं लिहून टाक.

पण एक गोष्ट खटकते. प्रयोगातले बाकीचे अठ्ठावीस जण बाहेरचे. त्यांच्यातल्या पीठवाल्यांचा काटा जागचा हलला नाही. मग तुमच्याच विभागात पीठ पिऊन माणसं बारीक कशी होतात? तुझ्यावर संशय घ्यायला मन धजत नाही, तरी खरं काय ते कळव.

उत्तराची वाट पाहतो. प्रेम आहेच, ते कमी करू नकोस.
तुझा लुकड्या


२ जून

चि. लुकड्यास,
आशीर्वाद, अजून घ्यावेसे वाटत असतील तर.

चूक माझी. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना दम भरला, की पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे, रात्रीचं जेवण निम्मं करा. एकीनंही कुरकुर केली नाही. काज-बटणवालीनं तर गोड सोडलं. मी रात्री फक्त दुधावर राहिले. वजन उतरलं की तुझं शेवाळ जिंकलं, एवढंच मला कळत होतं. पीठवालीनं जाडच राहायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही रे.

तुझ्या तीन वर्षांची मी माती केली. पत्र वाचून मशीनवरच रडू कोसळलं. मॅडमना सांगायचं असेल तर मी येऊन सगळं कबूल करते. झाकून ठेवायचं असेल तर आम्ही बाराही जणी तोंड उघडणार नाही. तू म्हणशील तसं.

हवा तेवढा रागाव, पण पत्र थांबवू नकोस.
तुझी वेडी आत्या


१० जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मॅडमना सगळं सांगितलं. तुला यायची गरज नाही. नात्यातली माणसं प्रयोगात घेऊ नयेत हे मी पहिल्याच वर्षी शिकलो होतो. माणसं कमी पडली म्हणून काणाडोळा केला, त्यामुळे बोलणी मीच खाल्ली. तुम्हा बारा जणींचे आकडे वगळले. उरलेल्यांत शेवाळवाले किंचित उतरलेत, पण इतके किंचित, की त्यावर छातीठोकपणे काही म्हणता येत नाही. उंदरांवर होतं ते माणसांवर होईलच असं नाही, हेच अहवालात लिहिलंय. मला सहा महिन्यांची मुदत मिळाली आहे. पुन्हा पहिल्यापासून, अनोळखी माणसांवर.

राग कसला, आत्या? तू रात्री दुधावर राहून दिवसभर मशीन चालवत होतीस, हे वाचलं आणि मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

आकडे वगळण्याचं कारण अहवालात द्यावं लागतं. मी लिहिलं, की या बारा जणींनी संशोधकाचं भलं व्हावं म्हणून अर्धपोटी राहून वजन उतरवलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि एक शब्दही खोडला नाही.

तेव्हा तुझा लोभ आता लेखी नोंदवला गेला आहे. तो असाच असू दे, फक्त पोटभर जेवून.
तुझा लुकड्या