शेवग्याची फांदी आड येत नव्हती

माय,

काल घरचा टीव्ही गेला. म्हणजे टीव्ही चालू होता, पण पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी. वारा नाही, पाऊस नाही, आणि तुझ्या सुनेच्या मालिकेची वेळ झालेली. मग मी या वयात गुडघे धरत गच्चीवर चढलो. माकडांनी डिश वाकवून ठेवली होती. मी ती जराजराशी फिरवायची आणि तिनं खालून ओरडून सांगायचं, "आलं... गेलं... आलं होतं ना, काऊन हलवलं?" पाच मिनिटांचं काम. पण तिच्या त्या 'गेलं'वर माझे हात जे थांबले ते थांबलेच. तिला वाटलं मला चक्कर आली. मी म्हणालो, ऊन लागलं. ऊन कसलं लागतंय, संध्याकाळचे सहा वाजले होते. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे. तू होतीस तेव्हा पत्र लिहिलं असतं तर ते तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि हे दुसऱ्या कुणी वाचण्यासारखं नाही.

आपल्या अंगणातली डिश तुला आठवत असेलच. गावासाठी सरकारनं दिलेला तो एकच टीव्ही. शाळेची खोली गळायची, म्हणून तो आपल्या ओसरीवर आला आणि आपलं घर एकाएकी गावाचं झालं. डिश कसली, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी लोखंडी कड्यांवर ताणलेली, बैलगाडीच्या चाकाच्या दुप्पट, अंगणातल्या सिमेंटच्या चौथऱ्यावर आकाशाकडे तोंड करून बसवलेली, किंचित दक्षिणेकडे कललेली. बसवायला आलेल्या माणसांनी सांगितलं की वर आकाशात एक यंत्र फिरतं, त्यातून चित्र हिच्यात पडतं. तू ते ऐकून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी डिशभोवती दोन चकरा मारून म्हणालीस, "एवढं मोठं सूप उताणं ठेवलं अना त्याच्यात काईच वाळवाचं नाई?" मोहाच्या दिवसांत तू जुन्या लुगड्याची टोकं जाळीला बांधून त्यावर फुलं पसरायला लागलीस. बकऱ्यांचं तोंड पोचत नाही, मुंग्या चढत नाहीत, खालून वारा लागतो. शेजारचे भाऊ गोंड, जन्मभर मोहा वेचलेला माणूस, त्यांनीही तुझी अक्कल मानली आणि आपली टोपली घेऊन आले. संध्याकाळी कार्यक्रमाच्या आधी तू सगळं उतरवायचीस. पण ओल्या फुलांच्या वजनानं जाळी मध्ये बसत चालली होती आणि चित्र दिवसेंदिवस खराब होत होतं, हे तुझ्याही लक्षात आलं नाही आणि भाऊंच्याही.

त्या हिवाळ्यात टीव्हीवाल्यांची गाडी गावात आली होती. अंगणवाडीचं चित्रण करायचं होतं. अंगणवाडीची बाई तापानं पडलेली, म्हणून त्यांनी तुलाच उभं केलं. तू तिथली मदतनीस. झाडायचीस, खिचडी शिजवायचीस, न येणाऱ्या पोरांना घरोघर जाऊन कडेवर घेऊन आणायचीस. चित्रण झालं त्या दिवशी भाऊ कुंपणाला टेकून सगळं पाहत होते. मग मार्च संपता संपता पोस्टकार्ड आलं, अमुक शनिवारी संध्याकाळी दाखवणार म्हणून. मला कुणी कळवलं नव्हतं. मी तेव्हा कोरपन्याकडच्या सिमेंटच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून नवा नवा लागलो होतो.

आता जे सांगायचं त्याला सुरुवात कारखान्यातूनच होते. आमचे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी "मले पाना द्या" म्हणालो आणि त्यांना हसू आलं. नुसतं हसूच, टिंगल नव्हे, पण मला तेवढं पुरलं. मी वसतिगृहाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून 'मला, तुला, त्याला' घोकलं आहे, माय. चोवीस वर्षांचा घोडा, बालवाडीतल्या पोरासारखा. आणि कुणीतरी विचारलं, घरी कोण असतं, तर बाप गेला हे खरं सांगितलं आणि पुढे म्हणालो, "आई शिक्षिका आहे." का म्हणालो? कुणी मागितलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि मग ते सांभाळत बसावं लागलं. त्या साहेबांना सूरजागडचे डोंगर पाहायची फार हौस. "तू एटापल्लीकडचा ना? चल, वाट दाखव," म्हणाले, आणि नेमक्या त्याच शनिवारी पहाटे आम्ही जीपनं निघालो. परतताना गाव वाटेवरच होतं. घरी न्यावंच लागलं.

अंगणात जीप थांबते आणि तू हात पुसत बाहेर येतेस. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली. माझ्यासाठी नव्हे, टीव्हीसाठी. मी साहेबांना सांगतो, "ही माझी आई." जन्मात पहिल्यांदा मी तुला आई म्हणालो, आणि तू मागे वळून पाहिलंस, आणखी कोण आलं म्हणून. मग मला बाजूला ओढून हसत हसत सांगितलंस, "आज मी दिसतो टीव्हीत. बरा आलास, बाप्पा." मला आनंद व्हायला हवा होता. मला आठवली ती साहेबांना सांगितलेली 'शिक्षिका'. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल, मला तर शब्द न् शब्द आठवतो. "साहेबांसमोर जास्त बोलू नको." तू मान हलवलीस. जेवताना तू खरंच बोलली नाहीस. अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा घालून वरण केलं होतंस. साहेबांनी तीनदा मागून घेतलं आणि तीनदा विचारलं, यात काय घालता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी उत्तर दिलं. तुझ्या वरणाचं उत्तर मी दिलं, माय.

संध्याकाळी अंगण भरलं. साहेबांना खुर्ची, बाकी सगळे चटयांवर. टीव्ही लावला तर चित्र नुसतं थरथरतंय, माणसं आहेत की झाडं तेच कळेना. तू सकाळीच मोहा उतरवून जाळी पुसून काढली होतीस, तरी तेच. तेव्हा भाऊ म्हणाले, "आपला पोरगा हाये ना लायनीतला! पाय ना रे जरासं." साहेबही म्हणाले, बघ बघ. मी पिशवीतून पाना काढला, चौथऱ्यामागे गेलो, दोन नट ढिले केले, बसलेली जाळी खालून दाबून सरळ केली आणि डिश बोटभर वर उचलली. "आलं काय?" "आलं, आलं! एकदम साफ!" माझ्या हाताला गुण आला होता आणि सगळं गाव माझ्याकडे कौतुकानं पाहत होतं. तेवढ्यावर मी नट आवळले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

मला पडदा तिरपा दिसत होता, नुसता उजेड. लोकांची तोंडं मात्र सरळ दिसत होती. आणि तुझा आवाज आला. तू अंगणात उभी आणि तुझा आवाज ओसरीवरून. "मी इथी सैपाक करतो. झाडतो. मंग पोट्ट्याईले घरून घेऊन येतो, येत नाई ते..." पोरं टाळ्या पिटायला लागली. आपल्याकडच्या बाया 'करतो, झाडतो' म्हणतात, ते साहेबांना नवं. ते खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. तेच, 'मले'चं. निदान मला ते तेच वाटलं. टीव्हीतल्या बाईनं तुला काहीतरी विचारलं आणि तू म्हणालीस, "माहा पोरगा..." तिथं मी डिश ढकलली. चुकून नाही, हात घसरला नाही. दोन्ही हातांनी खाली ढकलली.

"गेलं! मुंग्या आल्या!" एकच गलका झाला. मग मी वीस मिनिटं नाटक केलं. डावीकडे फिरव, उजवीकडे फिरव, "आलं काय?" "नाई आलं!" आणि जिथं येणार हे मला ठाऊक होतं तिथं सोडून सगळीकडे फिरवलं. तू पदर खोचून आलीस आणि पलीकडून जाळी उचलून धरलीस, मला मदत म्हणून. तुझी पाठ टीव्हीकडे होती. तू पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "माह्याच मोहानं झालं हे. माह्याच मोहानं झालं." मी तुला गप्प करायला हवं होतं. उलट मी ते उचललं, आणि वर आणखी एक जोडलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, शहाण्यासारखं तोंड करून: "शेवग्याची फांदीही आड येते आहे. सिग्नल अडतो." कार्यक्रम संपला. भाऊ डोक्यावरचा दुपट्टा झटकून उठले. "होते असं, बाई," एवढंच तुला म्हणाले. कुणी माझ्यावर चिडलं नाही. मी तर खटपट करत होतो ना.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "राहून गेलं रे तुझ्या आईचं. किती मोकळं बोलत होत्या. ऐकत राहावंसं वाटत होतं." शिक्षिकेबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. काढला असता तर बरं झालं असतं. पाना तिथंच चौथऱ्यावर विसरलो होतो, हे मला कोरपन्याला पोचल्यावर कळलं.

महिन्यानं घरी आलो तर अंगण भकास. शेवग्याच्या जागी गुडघाभर खुंट. बाबांनी लावलेलं झाड, त्यावर शेंगा लटकत होत्या तशी तू ते तोडून टाकलं होतंस. फांदी नव्हे, झाडच. मी विचारलं तर म्हणालीस, "तू सांगतलं ना, आड येते म्हणून. गावाच्या टीव्हीत आपलं झाड काऊन आड याव?" शेंगा गावभर वाटल्यास म्हणे, प्रत्येक घरी जाऊन 'माह्या मोहापायी तुमचा कार्यक्रम गेला' असं सांगत. डिशवर पुन्हा कधी फूल वाळवलं नाहीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. खुंटाजवळ उभा राहून मी तुला काय म्हणालो माहीत आहे? "पुन्हा फुटेल." फुटला नाही. निघताना तू फडक्यात गुंडाळलेला पाना माझ्या पिशवीत घातलास. "तुह्या कामाचा हाये. इथी याचं काई काम नाई." मला वाटलं, वस्तू हरवू नये म्हणून दिलास.

तू गेलीस त्याला आता वीस वर्षं होतील. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडळी जेवून पांगली आणि भाऊ माझ्याजवळ बसले. खूप थकले होते. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाले, "तुही माय लय पक्की बाई. त्या डिशीचा मेकॅनिक आल्ता चांद्याहून, तू गेल्यावर तीन हप्त्यानं. त्यानं इचारलं, हे फिरवलं कोनं? तुही माय म्हणे, म्याच, मोहा वाळवाले. तो म्हणे, बाई, हे नट पान्यानं खोलले हायेत, हातानं नाई होत. अना डिश खाली ढकलली हाये. तुही माय म्हणे, माह्या हातात लय जोर हाये." भाऊ हसले. शेवगा मेकॅनिकच्या आधी तोडलास की नंतर, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आधी तोडला असशील तर मी तुला फसवलं. नंतर तोडला असशील तर माझी फांदीची थाप सगळं कळूनही तू गावापुढे खरी करून ठेवलीस. कोणतं जास्त वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

काल डिश मी त्याच पान्यानं लावली. आमच्या परसात शेवगा नाही. तुझ्या सुनेला हवा होता, मी म्हटलं सुरवंट होतात. तिला यातलं काही माहीत नाही आणि हे कागद तिच्या हाती पडणार नाहीत अशी व्यवस्था मी करेन, म्हणजे अजूनही तसाच आहे मी.

एक राहिलं. "माहा पोरगा" एवढं म्हणालीस आणि पुढचं मी तोडलं. चित्रणाच्या दिवशी भाऊ कुंपणाशी होते, त्यांनी ते सगळं ऐकलं होतं. पुण्यानुमोदनाच्या त्या दुपारी ते माझ्यासमोर बसले होते, चहा निवेपर्यंत बसले होते, आणि एक प्रश्न विचारला की झालं असतं. मी विचारलं नाही. पुढे भाऊ वारले तेव्हाही, खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखंच वाटलं. तू माझ्याबद्दल काहीतरी चांगलंच बोलली असशील, आणि ते ऐकायची माझी हिंमत नव्हती.