मागच्या खोलीत कोण राहतं

पुएब्लो, कोलोरॅडो
१९ ऑक्टोबर, रविवार

चि. एलिसेओ,

आईचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा आपल्या जागी कुरकुरतोय. तुझी लेक मजेत आहे, म्हणजे होती. नोएमीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे हसली की थेट लहानपणीचा तू. हिरव्या मिरच्या भाजून फ्रीझरमध्ये भरून ठेवल्यात. तुझ्या पत्रांना उत्तर द्यायला उशीर झाला. कामाचा व्याप होता असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. लिहायचा धीरच होत नव्हता.

मंगळवारी पाळणाघराची तपासणी झाली. डार्लीनबाई नेहमीसारख्या न सांगता आल्या, त्याही ऐन जेवणाच्या वेळी. पोरांची तोंडं घेवड्याच्या रश्शानं माखलेली.

"ओफेलिया, तुझ्या घरात खोट सापडत नाही, मग मला पगार कशाचा गं?"

"आधी दोन घास खा, मग शोधा," मी म्हटलं.

नळाचं पाणी किती गरम येतं ते त्यांनी पाहिलं, धुराचा भोंगा वाजवला, सिंकखालच्या कपाटाचं कुलूप ओढलं, पडद्यांच्या दोऱ्या वर बांधल्यात का तेही बघितलं. सगळं ठीक. मग मागच्या खोलीचं दार उघडलं.

ती मी तुझ्यासाठी रंगवून घेतली होती. पलंग, नवी चादर, खुंटीवर तुझं जाकीट.

"इथे कोण राहतं?"

"कोणी नाही. पाहुण्यांची खोली."

मागून नोएमी ओरडली, "खोटं! माझे बाबा येणारेत. नाताळला. कायमचे!"

तुला नियम माहीत नाही, तुझा दोष नाही. मला माहीत होता, तरी वर्षभर तुला "घरी ये" असं लिहीत राहिले. जिथे लोकांची मुलं सांभाळतात, त्या घरात मारहाणीबद्दल शिक्षा भोगलेला माणूस राहू शकत नाही. राहिला तर परवाना जातो. काहीतरी मार्ग निघेल म्हणत मी भिंती रंगवल्या. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशातली गत.

डार्लीनबाई वाईट नाहीत. पोरीसमोर त्या काही बोलल्या नाहीत, मला ओट्यापाशी घेऊन गेल्या.

"कानावर आलं ते मला लिहावं लागेल. तो येणार आहे का, एवढंच सांग."

परवाना गेला तर हे घर जाणार. मग नोएमीला घेऊन कुणाच्या दारात उभी राहू?

"पोरगी आहे, काहीही बोलते," मी म्हटलं. "तो इथे येणार नाही."

नोएमीनं ते ऐकलं. ती रडली नाही. खोलीत गेली, तुझं जाकीट काढून माझ्या हातात आणून दिलं आणि म्हणाली, "मग हे कुणाचं?" आता माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तोंडातून गेलेलं खरं करणं भाग होतं. गुरुवारी मी तुझ्या सुटकेचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला फोन केला, माझ्याकडे तुला जागा नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "दुसरा पत्ता नसेल तर सुटका लांबेल बरं का. किती, ते मी नाही सांगू शकत." लूपे मावशीला विचारलं. तिचा नवरा नको म्हणाला. तुझ्या मित्रांना विचारायचं, तर त्यांच्या नादानंच तू आत गेलास.

तुला आत घालणाऱ्यांना मी इतकी वर्षं शिव्या घातल्या. आता तुला आत ठेवणारी मीच आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून लिहायला बसले.

तपासणीत आपण पास झालो. ती खोली मुलांना दुपारी झोपवायला छान आहे, असा शेराही मिळाला. उद्या पलंग न्यायला माणूस येतोय.

रागाव, वाटेल ते बोल, उत्तर नको वाटलं तर देऊ नकोस. पाकिटावर घराचा पत्ता घातलाय. तो पत्रापुरताच आहे, राजा.

तुझी,
आई