गुंड्याचा पाय धड होता

प्रिय अण्णा,

उद्या चंपाषष्ठी. सकाळी आबा म्हणाले, "कृष्णे, नैवेद्याला यंदा शेजारचा कुत्रा बोलाव. आपला नको." गुंड्या तिथंच बसला होता. म्हणून आज लिहायला बसले. अक्षरं तूच गिरवून घेतलीस, तेव्हा खरं काय ते आधी तुलाच लिहायला हवं.

आजोबा महाराजांच्या स्वारांत होते. त्यांची जुनी राहुटी तू लष्कर मोहल्ल्यातल्या शिंप्याकडून लहान करून घेतलीस नि सायकलच्या मागे बांधलीस. पुढे वेताच्या टोपलीत गुंड्या. चढ लागला की तो उतरून पळायचा, उतार आला की पुन्हा टोपलीत. गल्लीतले म्हणायचे, "सरदार निघाले, वजीर टोपलीत."

परत आलास की मी विचारायची, रानात निजताना साप-विंचवाची भीती नाही वाटत? "गुंड्या आहे ना," तू म्हणायचास. "पेंढा पसरला की आधी तो हुंगतो, फेऱ्या मारतो, मग बसतो. तो बसल्याशिवाय मी पाठ टेकत नाही."

हे मला ठाऊक होतं, अण्णा. तरी मी त्याला बांधलं.

गेल्या वर्षी चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी तू बन्नूरला नदीकाठी निघालास. आबा बाजारात गेले होते. मी दारात आडवी आले. आपल्याकडे खंडोबाचा नैवेद्य आधी कुत्र्याला, मग माणसांना. कुत्राच घरी नसला तर?

"शेजारचा बोलाव की," तू म्हणालास. "देव काय तोंड बघून जेवतो?"

"आपल्या घरचाच लागतो."

"आयितु, बाईसाहेब," तू कानडीत म्हणालास. "बरं. झालं तुझ्या मनासारखं. ठेवून घे तुझा पाहुणा."

हसत गेलास. एरवी माझं कधी ऐकायचास? त्याच दिवशी का ऐकलंस?

दुसऱ्या दिवशी गुंड्यानं भरीत-रोडगा हुंगला आणि तोंड फिरवलं. दुपारी बैलगाडी आली. ज्याच्या मळ्याशेजारी तू राहुटी ठोकायचास, तोच शेतकरी होता. गाडीत घोंगडीनं तोंडापर्यंत झाकलेला तू, शेजारी सायकल. पेंढ्यात साप होता, म्हणाला. मग गुंड्याकडे बघत कानडीत विचारलं, "हा बरोबर का नव्हता?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, "त्याचा पाय लंगडत होता."

तेव्हापासून आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. "ऐन वेळी लंगडला," एवढंच म्हणतात. तो रोज त्यांच्या पायाशी जाऊन बसतो, ते पाय काढून घेतात. सोवळ्याला नुसता धक्का लागला तरी मी पुन्हा आंघोळ करते, आणि मुक्या जनावरावर घातलेला हा आळ वर्षभर तसाच राहू दिला.

तो बरोबर असता तर? असं विचारू नकोस, म्हणशील. रोज विचारते.

उद्या पानं वाढायच्या आधी आबांना सांगेन. कदाचित माझ्या हातचं जेवणार नाहीत. न जेवोत. रोडगा त्यांच्याच हातात देईन, गुंड्याला घालायला. तो खाईल की नाही, देव जाणे. पण त्याला बांधणार नाही, अण्णा. दारही उघडंच ठेवीन.

तुझीच,
कृष्णा