खण-नारळ न बांधलेलं छप्पर

मोशी,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कस्तुरा हिला आक्काचे आशीर्वाद. चिमाजीरावांना नमस्कार.

तुझं पाकीट मिळालं. पत्र मिळालं नाही. आत तुझ्या किराण्याची चिठ्ठी निघाली. तेव्हा तुझ्या घरातला हिंग आणि कपड्याचा साबण संपलाय हे आम्हा सगळ्यांना कळलं, तू कशी आहेस ते कळलं नाही. माझ्या नावाचं पत्र वाचून वाण्यानं तुला काय बांधून दिलं, तेवढं कळव. देवानं तुझे कान नेले तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, फोनवर ऐकू नाही आलं तरी माझ्या बहिणीला वाचता येतं. आता डोकंही त्याच वाटेनं निघालेलं दिसतं.

मी बोलते आणि निरंजनची बायको विजयश्री लिहिते. मी ‘न्हाई’ म्हणते, ही ‘नाही’ लिहिते. नातसून माझं बोलणं अंघोळ घालून तुझ्याकडे धाडते. चालू दे.

इकडची खबर अशी, की माझं पाठीचं हाड जुळलं. पण कमरेला पट्टा आहे आणि डॉक्टरनं सांगितलंय, वाकायचं नाही. जन्मभर वाकले तेव्हा कुणी अडवलं नाही.

दुसरी खबर निरंजनची. त्यानं एक डबा आणलाय. मोटारीच्या मागं जोडून ओढायचा ट्रेलर गं. एका केटरिंगवाल्याचा होता, भांडी न्यायचा. पत्रा आणि प्लायवूड, खाली दोनच चाकं. इतका हलका की ही दोघं नुसत्या हातानं ढकलत अंगणात फिरवतात. त्यात त्यानं पलंग केला, शेगडी बसवली, हात धुवायला मोरी केली. पुढं हिंजवडी-मारुंजीची कंप्युटरवाली पोरं सुट्टीला भाड्यानं नेतील म्हणतो. पण पहिली खेप मला घेऊन तुझ्याकडं, माळशेज घाट उतरून टोकावड्याला. मी मोटारीत बसायचं, पाठ भरून आली की थांबायचं, डब्यात जाऊन आडवं व्हायचं, चहा प्यायचा, पुन्हा निघायचं.

अडचण एवढीच, की डब्यात कुणाला उभं राहता येईना. मी दारातनं बघितलं आणि म्हटलं, “बाबा, मला आडवीच न्यायची असेल तर त्याला वेगळी गाडी मिळते.” मस्करी केली. त्यानं मनावर घेतली. लगेचच्या गुरुवारी कंपनीची साप्ताहिक सुट्टी, त्यात यानं ग्राइंडर लावून छप्परच कापलं. चार कोपऱ्यांना लोखंडी पाइप उभे केले, भोवतीनं पत्रा मारला आणि छप्पर वर चढवलं. आता निरंजनही आत ताठ उभा राहतो. म्हणजे बघ, ताडाला मांडव झाला.

घराचं आढं चढलं की त्याला खण-नारळ बांधतात, तसा या छपराला आजीनं बांधावा असा हिचा हट्ट. खण आणून ठेवलाय. माझी पाठ दुखते म्हणून राहिलंय.

परवा चक्कर मारायला नेलं. मी मागच्या सीटवर होते. इंद्रायणीच्या पुलावर शेजारनं कंटेनर गेला आणि मागचा डबा म्हशीच्या शेपटीसारखा हलला. डब्याबरोबर आमची मोटारही. निरंजन हसला. “वारं होतं, आजी.” वारं होतं खरं.

बरं, आम्ही आलेलं तुला सोयीचं आहे ना? वाडीत कुणाचं लग्न असेल, घरात पाहुणे असतील, घाटात रस्त्याचं काम निघालं असेल, तर मोकळेपणानं तसं लिही. आम्ही अजिबात राग मानणार नाही. अजिबात.

तुझी
आक्का
(डाव्या हाताचा अंगठा)


मोशी,
गुरुवार, २७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कस्तुरा हिला आशीर्वाद.

या खेपेला पाकिटात पत्र होतं. शाबास. “घाट अगदी मोकळा आहे, बेलाशक या, कोंबडी राखून ठेवली आहे.” अगं, ‘अजिबात’ दोनदा लिहून घेतलं होतं मी. लहानपणी नुसती भुवई उडवली तरी तुला खूण कळायची. शाळेत तुला घातलं, मला शेरडांमागं पाठवलं, आणि तू एवढंही वाचू नये?

तर आता सरळ सांगते. लिहिणारी समोर बसली आहे, तिनंही ऐकावं. तोंडावर सांगायला गेले की जीभ वळत नाही, म्हणून पत्रात घालते.

कस्तुरा, मला त्या डब्याची भीती वाटते. साधी नाही. हमरस्त्यानं मोठी गाडी गेली की मी घरात असूनही खाटेची कड धरते. निरंजन अंगणात शिट्टी वाजवत डब्याला रंग देतो, आणि मला ती शिट्टी ऐकवत नाही. कारण तशीच शिट्टी मी आधी ऐकलेली आहे.

तुला ठाऊक आहे. माझा हरिहर, निरंजनचा बाप, टेम्पोतनं चाकणच्या कंपन्यांचे रिकामे क्रेट वाहायचा. रिकाम्या क्रेटना वजन नसतं, जागा मात्र लागते. म्हणून त्यानं टेम्पोच्या बाजूंवर फळ्या चढवून बॉडी उंच करून घेतली. क्रेटचे दोन थर जास्त बसायला लागले. आळीतली माणसं बघायला आली, काय डोकं चालवलंय म्हणाली. त्या फळ्यांना हळदकुंकू मी लावलं. नारळ मी बांधला. पुढं एका उतारावर वारं भरलं आणि टेम्पो आडवा झाला. एवढंच झालं. हलका माल आणि उंच बॉडी.

ही थांबली. लिही, पोरी, लिही.

निरंजन तेव्हा पहिलीत होता. त्यानं मला विचारलं, “बाबांची गाडी कशानं पडली?” मेलेल्या बापाच्या करणीला पोराच्या मनात बोल लागू नये म्हणून मी म्हटलं, ब्रेक गेले. मग गावालाही तेच सांगितलं. तू तेव्हा माझ्यापाशी होतीस. माझ्याकडं एकदा बघितलंस आणि गप्प बसलीस, ती आजतागायत. तेवढं मात्र तू कधी विसरली नाहीस.

आता खरं सांगावं तर लेकाला बोल लागतो, न सांगावं तर नातू त्याच वाऱ्यात जातो. आणि एकटा नाही जात, शेजारच्या सीटवर ही असते. खण कोनाड्यात तसाच आहे. पाठ दुखते हे खरं, पण हात वर जातो. मुद्दाम नेत नाही.

विजयश्री विचारते, “आजी, हे त्यांना तुम्ही सांगणार का मी सांगू?” मी म्हटलं, तू आधी पत्र पुरं कर. ती म्हणते, झालं की पुरं.

तुझी
आक्का
(अंगठा)


मोशी,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. सौ. कस्तुरा हिला आशीर्वाद.

मागचं पत्र तुझ्याकडं टाकण्याआधी या पोरीनं ते निरंजनला वाचून दाखवलं. मला शेजारी बसवून. माझंच बोलणं, अंघोळ घालून, माझ्याच कानावर. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले होते, नव्या नवरीसारखी.

तो उठला, डब्यात जाऊन बसला आणि दार ओढून घेतलं. मी अंगणात खुर्ची टाकून बसले. कस्तुरा, पुलावर भ्याले त्याहून जास्त मी तिथं भ्याले. चहा निवला. दुसरा केला, तोही निवला. मग आतनं आवाज आला.

“आजी, तू मला ब्रेकचं सांगितलं होतंस.”

“होय बाबा.”

“म्हणून मी ब्रेकच्या कंपनीत लागलो.”

हे मला कधी सुचलंच नव्हतं गं. हा चाकणला गाड्यांचे ब्रेक तपासतो, मी लोकांना सांगत फिरते, नातवानं चांगली लाइन धरली. ती लाइन मीच त्याच्या हातात दिलेली.

“पुलावर जायच्या आधी मी मोटारीचे ब्रेक तीनदा बघितले होते,” तो म्हणाला. “पुन्हा पुन्हा तेच बघत आलो. उंचीकडं बघायचं असतं हे मला कोण सांगणार होतं?”

शेजारच्यांचा कुकर तेवढा वाजत राहिला.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, माझ्या पायापाशी पायरीवर बसला. म्हणाला, “त्या दिवशी पुलावर मीही भ्यालो होतो. तुला कळू नये म्हणून हसलो.”

मी म्हटलं, “मला कळू नये? माझ्या बुडाखालची सीट हलत होती, गाढवा.”

तेव्हा तो रडला. बापासाठी एवढा तो आजवर रडला नव्हता.

गुरुवारी पुन्हा ग्राइंडर लागला. भोवतीचा पत्रा आणि कोपऱ्यांचे पाइप उतरवले, त्या जागी ताडपत्रीचं घडीचं कापड लावलं. आता चालताना छप्पर खाली बसतं आणि कड्यांनी आवळलं जातं, पहिल्यासारखं बुटकं. थांबलं की दोघांनी उचलून आतनं टेकू द्यायचे, मग ताठ उभं राहायचं. पाण्याचे कॅन पलंगाखाली, अगदी तळाशी ठेवलेत. काल पुलावरनं नेऊन आणलं. कंटेनर गेला. डबा हलला, पण थोडा. मी डोळे मिटून घेतले होते असं विजयश्री लिहिते आहे, मी तसं काही सांगितलेलं नाही.

भीती गेली असं मात्र लिहू नकोस, म्हटलं तिला. गेलेली नाही. या वयात ती जायची नाही, माझ्याबरोबरच जाईल. निरंजनही म्हणाला, घाटात डबा घालायचा नाही. म्हणून असं ठरवलंय: अठरा तारखेच्या गुरुवारी आम्ही ओतूरच्या पुढं, पिंपळगाव जोगाच्या धरणाच्या अलीकडं, टेकडीच्या आडोशाला थांबणार. तू एसटीनं घाट चढून ये. एसटी जड असते. मुलाला बरोबर घे, कंडक्टरचं तुला ऐकू यायचं नाही.

तिथं छप्पर वर करू आणि मी खण-नारळ बांधीन. उभ्या डब्यालाच बांधीन, चालत्याला नाही. हात वर जाईपर्यंत तू माझी कंबर धर.

कोंबडी राहू दे तिच्या घरी. वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकरी पाठव, आणि त्या तुझ्याच हातानं पाठव, म्हणजे तुला यावं लागेल. किराण्याची चिठ्ठी घरी ठेव. पितळी डबा घे, तो जड आहे, आणि काठोकाठ भर. रिकामं काही त्या वाऱ्यातनं धाडू नकोस.

तुझी भित्री
आक्का
(अंगठा)