शरयूच्या फाडलेल्या चार पानांबाबत

मी, विष्णू दत्तात्रय लोहोकरे, वय एक्क्याऐंशी, राहणार नेपरव्हिल, इलिनॉय, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी भरीस न घालता लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंत. खाडाखोडीने कागद बाद होईल या धास्तीने तिसऱ्यांदा लिहितो आहे. वकील रीमाताई याचे इंग्रजी करतील.

१. घर व बँकेतील शिल्लक मुलगा अवधूत याला. तो ओहायोत असतो. हिवाळ्यात घर थंड ठेवू नये, पाइप फुटतात. हे फोनवर सांगितले आहे, पुन्हा सांगतो.

२. मशीन शॉपमध्ये तीस वर्षे वापरलेली माझी हत्यारे शेजारच्या कुशला. तेल लावून ठेवावीत.

३. माझी पत्नी कै. शरयू हिच्या सात वह्या नात इला हिला. तिला मराठी वाचता येत नाही, तरी तिलाच. शंभर वर्षांपूर्वी आपल्या भागात ॲग्नेस हॉलबर्ग नावाची कादंबरीकार होऊन गेली. नवरा धान्याचा व्यापारी. तो जेवणाच्या टेबलावर लिहू देत नसे, म्हणून तिने कोठीत पिठाच्या पिंपावर फळी टाकून पाच कादंबऱ्या लिहिल्या. शेवटची शरयूला लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत मिळाली. अकरा वर्षे खपून तिने ती या सात वह्यांत मराठीत आणली. ॲग्नेसच्या थडग्यावर 'अमक्याची पत्नी' एवढेच कोरले आहे. तिथे शरयू म्हणाली, "अहो, पाच पुस्तकं लिहून बाईला स्वतःचं नावसुद्धा नाही." मी म्हणालो, "चल, गाडीत बस, बर्फ पडेल."

४. मंडळातले हेमचंद्र यांना काही नाही. गणपतीत ते सर्वांसमोर म्हणाले, "वहिनी, इथल्या शेतकरणींच्या गोष्टी पुण्यात कोण वाचणार? त्यापेक्षा मोदकांचं पुस्तक काढा." सगळे हसले. मीही हसलो, हे लिहिणे भाग आहे. तोपर्यंत ती जेवणानंतर मला एकेक पान वाचून दाखवी. नंतर कधी दाखवले नाही.

५. ती गेल्यावर मी वह्या उघडल्या. पहिलीत चार पानांची प्रस्तावना होती. तिने लिहिले होते, 'ॲग्नेसचा नवरा मला परका वाटला नाही. टेबल आवर म्हणणारा माणूस माझ्याही घरात आहे.' मी ती पाने फाडली. जाळायचा धीर झाला नाही, पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. शरयूने हयातीत काही प्रकरणे पाठवली होती, त्या पुण्याच्या प्रकाशकाने पत्र पाठवले, 'अनुवादिकेचे मनोगत हवे, त्याशिवाय छापणार नाही.' तीन वर्षे मी उत्तर दिले नाही. इलाने विचारले, "आजोबा, आजीचं बुक का थांबलंय? काही मिसिंग आहे का?" मी नाही म्हणालो. लोक काय म्हणतील, ही भीती.

६. ती चारही पाने या कागदाला टाचली आहेत. इलाने वह्यांसह ती प्रकाशकाला पाठवावीत. एकही शब्द गाळू नये. अवधूतने घराची अब्रू म्हणून हरकत घेतल्यास कलम एकमधील घर इलाचे होईल. पुस्तकावर नाव 'शरयू लोहोकरे' इतकेच. 'सौ.' नको, मध्ये माझे नाव नको.

७. तिसऱ्या पानावर तिने लिहिले आहे की, पाहुणे यायचे म्हणून मी तिची वही एकदा टेबलावरून उचलली. ते बरोबर नाही. मी ती पुष्कळदा उचलली. पुस्तकात तळटीप द्यायची तर एवढी द्यावी.

हे सर्व वाचून, आमच्यादेखत सही केली:
साक्षीदार: नरेंद्र पाठारे, अदिती सामंत
सही: वि. द. लोहोकरे
नेपरव्हिल, ११ मार्च २०२५