कपाटामागचा राउटर

चि. जयमाला,

काल मुलाखतीची तालीम करताना तुझा व्हिडिओ कॉल दोनदा तुटला, म्हणून आज सकाळी मी तपासणी केली. नवा लॅपटॉप निर्दोष आहे. ओटीवर त्याला सिग्नल पूर्ण मिळतो. तुझ्या खोलीत एकच रेघ दिसते आणि माझ्या जुन्या फोनवरही तिथे तेवढीच दिसते.

दोष जागेचा आहे. राउटर तुझ्या आईच्या लोखंडी कपाटामागे आहे. त्याचा लुकलुकणारा दिवा डोळ्यांवर येतो म्हणून तिने तो तिथे बसवायला सांगितले होते. लोखंड सिग्नल अडवते हे तंत्रनिकेतनात शिकलेल्या मला ठाऊक होते, तरी मी बसवला.

रिकामे केल्याशिवाय कपाट सरकणार नाही. ती गेल्यापासून आठ महिने मी ते उघडलेले नाही. चावी तांदळाच्या डब्यात आहे. साड्या तू काढ. सरकवायला शेजारचा सिद्धेश दुपारी येईल. मुलाखत उद्या अकराला आहे, तेव्हा हे आजच व्हावे.

मी थळला जात आहे. तिथे काही काम नाही. संध्याकाळच्या एसटीने परतेन.

राउटर समोरच्या भिंतीवर लावलास की त्याच्या दिव्यावर काळी पट्टी चिकटव.

बाबा